लिबियाचा चार फुटी उठावाचा नकाशा: पुठ्ठा, कच आणि नवारपट्टीतून

शाळेच्या प्रदर्शनात वाळवंटी देश करायचा म्हटलं की बहुतेक गट एकच गोष्ट करतात. प्लायवर फेविकॉल, फेविकॉलवर वाळू, वाळूत दोन प्लास्टिकचे उंट. परीक्षक येतात, "छान" म्हणतात आणि पुढे जातात. लिबिया तसा केला तर त्याचं काहीच दिसत नाही, कारण हा देश समजतो तो वाळूखालच्या दोन गोष्टींमुळे: जुनं पाणी आणि तेल. शिवाय देशाचा मोठा भाग वाळूचा नाहीच. तिथे खडकाळ पठारं आणि खडीची मैदानं आहेत. पुढची कृती आठवी ते दहावीच्या चार-पाच मुलांच्या गटासाठी आहे. रोज दीड तास दिला तर बारा ते चौदा दिवस लागतात, त्यातले पाच-सहा नुसते वाळण्यात जातात.

आधी माप

लिबियाचं क्षेत्रफळ सुमारे १७,६०,००० चौ. कि.मी. आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेपाच पटींहून जास्त. लोकसंख्या मात्र सत्तर लाखांच्या आसपास. आपल्या एकट्या सोलापूर जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या ४३ लाख होती, त्यावरून अंदाज करा. देश जवळजवळ चौकोनी आहे, पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर दोन्हीकडे दीड हजार कि.मी.च्या आसपास. म्हणून १ सें.मी. = १५ कि.मी. हे प्रमाण धरलं की तो ४ × ४ फुटांच्या (१२२ सें.मी.) प्लायवर नेमका बसतो.

चौकटी अशा आखा. अक्षांशाचा एक अंश ७.४ सें.मी., रेखांशाचा एक अंश ६.६ सें.मी. उभ्या रेषा ९° ते २६° पूर्व, आडव्या १९° ते ३४° उत्तर. तळाला ३ सें.मी. जागा सोडा, वर ८ आणि दोन्ही बाजूंना ५-५. वरची जादा जागा भूमध्य समुद्राची आणि नावाच्या पाटीची.

आता ठिकाणं. पहिला आकडा ९° रेखांशाच्या रेषेपासून उजवीकडे, दुसरा १९° अक्षांशाच्या रेषेपासून वर, दोन्ही सें.मी.मध्ये:

त्रिपोली २७.७ – १०२.९
मिसराता ४०.३ – ९९.२
सिर्त ५०.२ – ९०.३
बेंगाझी ७३.३ – ९६.९
देर्ना ९०.० – १०१.९
तोब्रुक ९९.० – ९६.९
गदामिस ३.३ – ८२.१
घात ७.९ – ४४.१
सब्हा ३५.६ – ५९.२
कुफ्रा ९४.४ – ३८.५

कर्कवृत्त ३२.८ सें.मी. उंचीवर आडवं येतं, ते लाल दोऱ्यानं ओढा. एक गोष्ट ध्यानात ठेवा. रेखांश उत्तरेकडे जवळ येत जातात आणि आपण ते समांतर काढले आहेत, त्यामुळे किनाऱ्यालगतची पूर्व-पश्चिम अंतरं थोडी जास्त दिसतात. त्रिपोली ते बेंगाझी पट्टीनं मोजलं तर ४६ सें.मी., म्हणजे ६९० कि.मी. भरतं. खरं हवाई अंतर ६५० च्या आसपास आहे. रस्ता तर सिर्तच्या आखाताला वळसा घालून हजारेक कि.मी. जातो. परीक्षकांनी पट्टी लावलीच, तर उत्तर तयार असू द्या.

सीमा काढताना जुन्या ॲटलासवर विसंबू नका. चाडच्या सीमेवरचा औझू पट्टा काही जुन्या नकाशांत लिबियात दाखवलेला असतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं फेब्रुवारी १९९४ मध्ये तो चाडचा ठरवला आणि लिबियानं त्याच वर्षी तिथून सैन्य काढून घेतलं. शेजारी देश सहा आहेत: ट्युनिशिया, अल्जेरिया, नायजर, चाड, सुदान आणि इजिप्त. नायजर आणि नायजेरिया यांत मुलं हमखास घोळ घालतात. पाट्या छापायच्या आधी एकदा वाचून घ्या.

त्याच प्रमाणात सोलापूर जिल्हाही जाड कागदातून कापून ठेवा. जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,८९५ चौ. कि.मी. आहे, त्यामुळे तो ६६ चौ. सें.मी.चा, जेमतेम अर्ध्या पोस्टकार्डाएवढा येतो. हे कात्रण सुटंच ठेवा, चिकटवू नका. येणारा-जाणारा ते उचलून लिबियावर ठेवून बघतो आणि तिथून पुढे बोलणं सुरू होतं. दुसऱ्या कशानंही माणूस इतका वेळ थांबत नाही.

पाया

१२ मि.मी. प्लायचा ८ × ४ चा अर्धा शीट घ्या आणि सुताराकडूनच तो ४ × २ फुटांच्या दोन तुकड्यांत कापून घ्या. चार फुटी अखंड पाट रिक्षात बसत नाही, वर्गाच्या दारातून आडवा जात नाही आणि तिरका केला की वरची कच (दगडाची बारीक खडी) घरंगळते. जोड आडवा, २६.८° अक्षांशाजवळ येतो. तो सब्हाच्या थोडा खाली जातो आणि मोकळ्या मुलखातून जात असल्यानं खुपत नाही. हरूज या ज्वालामुखी पठाराचं दक्षिणेचं टोक तेवढं त्यात कापलं जातं, तिथे बोळा भरून झाकता येईल.

दोन्ही तुकड्यांच्या खाली कडेनं दीड इंच उंच, एक इंच जाड लाकडी पट्टी ठोका. एकूण २४ फूट लागते. जोडाच्या बाजूला दोन्ही पट्ट्यांतून आरपार तीन भोकं पाडून पाव इंची, तीन इंच लांब बोल्ट आणि पंखी नट लावा. भोकं पट्ट्या एकमेकींना क्लॅम्प करूनच पाडा. वेगवेगळी पाडली तर दोन मि.मी.चा फरक राहतो आणि प्रदर्शनाच्या सकाळी बोल्ट शिरत नाही.

६ मि.मी.चा प्लाय स्वस्त पडतो, पण वरून ओला लगदा बसला की तो पापडासारखा वाकतो. १२ चा घेतला तरी खालच्या बाजूला एक हात ऑइल पेंट द्याच. एका बाजूनं ओल आणि दुसरी कोरडी राहिली तर कोणतंही लाकूड वाकणारच.

उंची

१ सें.मी. = १५ कि.मी. या प्रमाणात लिबियाचं सर्वात उंच शिखर, बिक्कू बित्ती (२,२६७ मीटर), फक्त दीड मि.मी.चं होईल. म्हणून उंची पंचवीस पट वाढवायची: १ सें.मी. = ६०० मीटर. हे कोपऱ्यात स्पष्ट लिहा. लिहिलं नाही तर हिमालय आणल्यासारखं वाटतं आणि तेवढ्यावर गुण कापले जातात.

थर्माकोल वापरू नका. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि ऑइल पेंट लागला की तो विरघळतोही. टॉवेल आणि चादरींच्या पॅकिंगची तीन पदरी (थ्री प्लाय) खोकी सोलापुरात कुठल्याही कारखान्याबाहेर रद्दीच्या भावात मिळतात. अशी आठ-दहा मोठी खोकी पुरतात. या पुठ्ठ्याची जाडी कागद-फेविकॉलसह साधारण ३.३ मि.मी. भरते, म्हणजे एक थर = २०० मीटर. किनाऱ्याच्या आकाराचा पहिला थर, मग २०० मीटरच्या वरचा भाग, मग ४०० च्या वरचा, असं चढत जा. ट्रेसिंगसाठी समोच्च रेषा असलेला नकाशा इंटरनेटवर फुकट मिळतो. तो तुमच्या चौकटीवर चौकोन-चौकोन करून उतरवा.

हजार मीटरच्या पुढे पुठ्ठा कापत बसू नका. दक्षिणेला चाडच्या सीमेवरच्या तिबेस्ती डोंगरांचे (बिक्कू बित्ती तिथेच आहे) ते बोटभर तुकडे सुटतात आणि जिन्यासारखे दिसतात. तिथे थेट लगद्याचा ढीग द्या. बिक्कू बित्तीचा ढीग ३.८ सें.मी. उंच. हरूजचं ज्वालामुखी पठार मध्यभागी, ते २ सें.मी.पर्यंत. उत्तरेला दोन उंचवटे आहेत: त्रिपोलीच्या दक्षिणेला जबल नफूसा आणि बेंगाझी-देर्ना पट्ट्यातला जबल अखदर. दोन्ही दीड सें.मी.च्या आसपास. समुद्रसपाटीखालचा भागही आहे, सब्खत घुझय्यिल, उणे ४७ मीटर. तो खोदायला गेलात तर एक मि.मी.सुद्धा होणार नाही. नुसता खडूच्या भुकटीचा पांढरा ठिपका द्या. खरं मीठ टाकू नका, ते हवेतली ओल धरतं आणि भोवतालचा रंग ओघळतो.

खळ आणि लगदा

दोन किलो वर्तमानपत्राची रद्दी फाडून चोवीस तास भिजत घाला. मिक्सरमध्ये फिरवायची तर मूठभर कागदाला भांडंभर पाणी लागतं. घट्ट घातला तर मोटर जळते आणि घरातलं सहकार्य तिथेच संपतं. नंतर पिळून भाकरीच्या पिठाच्या गोळ्याइतका घट्ट ठेवा.

खळ कशी करायची हे सोलापुरात सांगायला नको, पण मापं अशी: एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम मैदा. २०० मि.लि. गार पाण्यात गुठळी मोडून घ्या, उरलेलं ८०० मि.लि. उकळत ठेवा, त्यात धार धरून ओता आणि पारदर्शक झाक येईपर्यंत तीन-चार मिनिटं ढवळा. थंड झाल्यावर प्लास्टिकच्या बादलीत काढून अर्धा चमचा मोरचूद पाण्यात विरघळवून घाला. मोरचूद नसेल तर पंधरा दिवसांत झुरळं आणि उंदीर जबल अखदर खाऊन टाकतात. ॲल्युमिनियमच्या किंवा लोखंडी भांड्यात मोरचूद घालू नका, भांडं काळं पडतं आणि मोरचूदही कामाचा राहत नाही. तो विषारी आहे. हे काम मोठ्यांनी करायचं, आणि लगदा हाताळणाऱ्यांनी हातमोजे घालायचे.

पिळलेला लगदा, अर्धा किलो फेविकॉल आणि लागेल तेवढी खळ एकत्र मळा. एका वेळी ५ मि.मी.पेक्षा जाड थर देऊ नका. डिसेंबर-जानेवारीत सोलापूरच्या कोरड्या हवेत दोन दिवसांत वाळतो, पावसाळ्यात पाच दिवस लागतात आणि आत बुरशी धरते. उन्हात ठेवायची घाई नको. वरचा पापुद्रा आधी सुकून तडकतो आणि ती तडा नेमकी किनाऱ्यावर येते.

पोत: इथे वेळ द्या

एकच वाळू सगळीकडे पसरली की मेहनत वाया जाते. लिबियाच्या वाळवंटाचे किमान चार पोत वेगळे दाखवता येतात.

वाळूचे समुद्र: नैऋत्येला उबारी आणि मुर्झुक, पूर्वेला इजिप्तच्या सीमेवर वाळूचा महासागर, आग्नेयेला रेबियाना. इथे मैद्याच्या चाळणीतून गाळलेली वाळू. अर्धा किलो पुरते, बांधकामावर मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. फेविकॉल ओला असतानाच जुन्या कंगव्यानं लाटा ओढा. उबारीच्या वाळूत छोटी खारी तळी आहेत, गबरून त्यातलं प्रसिद्ध. निळ्या काचेचे दोन-तीन मणी तिथे बसवा.

हमादा, म्हणजे वाऱ्यानं झाडून काढलेलं खडकाळ पठार. वायव्येच्या हमादा अल-हमराच्या नावातच 'लाल' आहे. त्यासाठी विटेचा चुरा.

सरीर, म्हणजे खडीची सपाट मैदानं. बारीक पांढरट कच, विरळ. ज्वारी किंवा रवा वापरायचा मोह होईल. नको. मुंग्या लागतात.

चौथा हरूज. हा बेसाल्टचा मुलूख आहे, काळा लाव्हा पसरून झालेला. आणि आपल्या पायाखालचा दख्खनचा काळा दगडही बेसाल्टच. खडी क्रशरवरून ओंजळभर काळी कच आणली की तोच खडक तिथे बसवता येतो, रंग द्यायची गरजच नाही. वयात मात्र फार फरक आहे: आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हरूजचा त्यामानानं कालचा, गेल्या साठ-सत्तर लाख वर्षांतला. हरूजच्या दक्षिणेला वाव अन् नामूस हा एकटा ज्वालामुखी आहे, भोवती काळ्या राखेचं कडं आणि आत छोटी तळी. नावाचा अर्थ 'डासांचं मरूद्यान'. कोळशाची पूड गोल शिंपडून मध्ये एक हिरवा मणी ठेवा.

जबल अखदरचा अर्थ 'हिरवा डोंगर'. तिथे खरंच पाऊस पडतो, झाडी आहे. त्यासाठी हिरव्या टर्किश टॉवेलची कात्रणं कापून चिकटवा. टॉवेलचे फासे दुरून झुडपांसारखे दिसतात. किनाऱ्याचा जेफारा मैदानी पट्टाही हिरवा, पण तिथे फासे कातरून बारीक करा. मरूद्यानांसाठी हिरव्या दोऱ्याच्या गाठी.

सगळं सुकल्यावर पाट उभा करून हलक्या हातानं ठोका. जे गळायचं ते आत्ताच गळू दे. मग फेविकॉल आणि पाणी एकास चार करून फवाऱ्यानं दोनदा मारा. ब्रश फिरवलात तर कंगव्याच्या लाटा गेल्या.

वाळवंट का, हे एका पाटीवर सांगा. देशाचं दक्षिण टोक साडेएकोणीस अंशांवर, म्हणजे आपल्या पैठणच्या अक्षांशावर, आणि उत्तर टोक जम्मूच्या आसपास. मग पैठणला पाऊस आणि तिथे नाही असं का? त्या पट्ट्यात वरून खाली उतरणारी कोरडी हवा वर्षभर ठाण मांडून असते. आपल्याकडे जूननंतर मान्सून ती बाजूला सारतो, लिबियापर्यंत तो पोचत नाही. बारमाही नदी एकही नाही. दक्षिणेकडून येणारा तापलेला, धुळीचा वारा गिब्ली.

आणखी एक जुनी चूक: त्रिपोलीजवळच्या अझिझियात १३ सप्टेंबर १९२२ ला ५८ अंश सेल्सियस नोंदलं, म्हणून तो जगातला उच्चांक, असं अजूनही पुस्तकांत सापडतं. जागतिक हवामान संघटनेनं २०१२ मध्ये ती नोंद रद्द केली. पाटी लावायचीच तर 'रद्द झालेला उच्चांक' अशी लावा.

पाणी: वेगळ्या ताटात

महा मानवनिर्मित नदी ही लिबियाची सगळ्यात मोठी गोष्ट. काम १९८४ मध्ये सुरू झालं, पाणी १९९१ मध्ये बेंगाझीला आणि १९९६ मध्ये त्रिपोलीला पोचलं. वाळवंटाखालच्या वालुकाश्मात हजारो वर्षांपूर्वी, सहारा हिरवा असताना मुरलेलं पाणी शेकडो मीटर खोल विहिरींतून काढायचं आणि चार मीटर व्यासाच्या काँक्रीटच्या पाइपांतून किनाऱ्याला न्यायचं. पूर्ण क्षमता दिवसाला ६५ लाख घनमीटर आहे. वर्षाचा हिशेब मांडला तर सुमारे ८४ टीएमसी. उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसी आहे हे सोलापुरात कोणालाही तोंडपाठ असतं, त्यामुळे हा आकडा इथे लगेच कळतो. फरक एवढाच की उजनी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा भरते.

नकाशावर ही नदी निळ्या लोकरीनं दाखवा: कुफ्रा-सरीरकडून बेंगाझी-सिर्तला आणि सब्हाच्या उत्तरेकडून त्रिपोलीला. चालतं मॉडेल मात्र नकाशावर करू नका. एक थेंब गळला तरी लगदा फुगतो. शेजारी ट्रेमध्ये करा.

पाच लिटरच्या पारदर्शक कॅनमध्ये गळ्यापर्यंत धुतलेली बारीक खडी भरा. वाळू नको, ती पाणी धरून ठेवते आणि नळीत अडकते. उरलेल्या पोकळीत साधारण दोन लिटर पाणी मावतं. तळाशी भोक पाडून औषधाच्या दुकानातला सलाइनचा नवीन सेट बसवा, आतल्या तोंडाला गाळणीच्या जाळीचा तुकडा आणि बाहेरून एम-सील. कॅन फूटभर उंचावर ठेवा. लिबियातही दक्षिणेचा मुलूख उंच आणि किनारा खाली, त्यामुळे पाणी बरंचसं उतारानंच वाहतं.

सलाइनच्या नेहमीच्या सेटमध्ये २० थेंब म्हणजे १ मि.लि. मिनिटाला १२० थेंबांवर चाक लावलं तर ६ मि.लि. जातं, आणि हाती लागणारं दीड लिटर पाणी चार तासांत संपतं. प्रदर्शनही तेवढंच चालतं. पातळी उतरते तशी धार मंदावते, दर अर्ध्या तासानं चाक थोडं उघडा. झाकण घट्ट लावू नका. आत हवा शिरली नाही की पाच मिनिटांत धार थांबते आणि मुलं घाबरून नळीच उपटतात. कॅनवर तासातासाची खूण करा. मध्येच पाणी भरायचं नाही. कोणी विचारलं तर तेच उत्तर आहे.

पाइप फुटले का, हा प्रश्न हमखास येतो. फुटले. या पाइपांच्या काँक्रीटभोवती ताणलेल्या पोलादी तारांचे वेढे असतात. जमिनीतल्या क्षारांनी काही ठिकाणी त्या गंजून तुटल्या आणि आतल्या दाबानं पाइप फाटले.

याच पाण्याची जुनी गोष्टही सांगा. नैऋत्येच्या फेझान प्रांतात गरामांतेस या प्राचीन लोकांनी जमिनीखाली बोगदे खणून, त्यांना फोगारा म्हणतात, शेती उभी केली होती. गरामा त्यांची राजधानी. विजापूर किंवा बिदरचे भुयारी कालवे ज्यांनी पाहिलेत त्यांना रचना लगेच समजेल. पाण्याची पातळी खाली गेली आणि त्यांचं वैभव ओसरलं.

तेल

तेलक्षेत्रांसाठी काळी शर्टाची बटणं. सोलापुरात गणवेश शिवणारे मूठभर देतील. बहुतेक बटणं सिर्तच्या खोऱ्यात, आखाताच्या दक्षिणेला, थोडी नैऋत्येला मुर्झुक खोऱ्यात (शरारा). तिथून काळा दोरा बंदरांकडे: एस सिदर, रास लानुफ, ब्रेगा, झुवैतिना, तोब्रुकचं हरिगा, पश्चिमेला झाविया. पश्चिम किनाऱ्यावरच्या मेल्लिताहून पिवळा दोरा समुद्रात वर न्या. ती ग्रीनस्ट्रीम वायुवाहिनी, ५२० कि.मी., २००४ पासून सिसिलीला जाते. दोऱ्याची लांबी तुमच्या प्रमाणात ३५ सें.मी. होते, म्हणून तो पाटाच्या कडेवरून खाली लोंबू द्या.

पाटीवर चारच ओळी पुरतात. तेलाचे साठे आफ्रिकेत सर्वाधिक, सुमारे ४८ अब्ज बॅरल. निर्यातीच्या शंभर रुपयांतले नव्वदहून जास्त तेल-वायूचे. १९५१ ला स्वतंत्र झाला तेव्हा हा जगातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी एक होता, आणि महायुद्धातलं लोखंडी भंगार व कागदासाठी लागणारं एस्पार्टो गवत हा त्याच्या निर्यातीचा मोठा भाग होता. १९५९ मध्ये झेल्तेनला मोठा साठा लागला, १९६१ मध्ये ब्रेगाहून निर्यात सुरू झाली. एकाच धंद्यावर सगळं गाव उभं असलं की काय होतं, हे गिरण्यांच्या सोलापूरला वेगळं सांगावं लागत नाही. बंदरावर कोणी कब्जा केला की देशाची कमाईच थांबते, २०११ नंतर असं अनेकदा झालं.

इतिहास दोन पट्ट्यांत

सगळा इतिहास एकाच पट्टीवर मांडला तर अडीच हजार वर्षांपुढे शेवटचं शतक चार सें.मी.त आक्रसतं. म्हणून दोन इंची नवारीच्या चार-चार फुटांच्या दोन पट्ट्या घ्या आणि टेबलाच्या पुढच्या कडेला एकीखाली एक टाचा. टेबलावर चादर घालणार असाल तर साधी, एका रंगाची घाला. नक्षीदार चादरीवर अक्षरं वाचता येत नाहीत.

वरची पट्टी: १ सें.मी. = २५ वर्षं. शून्यावर इ.स.पूर्व ६३१, ग्रीकांनी पूर्वेला सायरीन वसवलं. पश्चिमेला फिनिशियनांची ओइया, सब्राथा आणि लेप्टिस मॅग्ना ही तीन शहरं. 'त्रिपोली' म्हणजे तीन शहरं, आणि आजची त्रिपोली जुन्या ओइयाच्या जागी आहे. ३३ सें.मी.वर इ.स. १९३: लेप्टिसमध्ये जन्मलेला सेप्टिमियस सेव्हेरस रोमचा सम्राट झाला. ५१ वर अरब, इ.स. ६४३. ८७ वर ऑटोमन, १५५१. ९३.६ ते ९८.६ करामानली घराणं, १७११ ते १८३५. १०१.६ वर १९११, तिथे पट्टी संपवा. इ.स.पूर्व मोजताना शून्य हे वर्ष नसतं, म्हणून बेरजेतून एक वजा करायचा.

खालची पट्टी: १ सें.मी. = १ वर्ष, १९११ पासून. शून्यावर इटलीचं आक्रमण. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला इटालियन वैमानिक जुलिओ गावोत्तीनं विमानातून हातानं बाँब टाकले, जगात युद्धात असं प्रथमच घडलं. २० सें.मी.वर १९३१: पूर्वेच्या सिरेनेइका प्रांतात इटलीविरुद्ध वीस वर्षं लढलेल्या उमर मुख्तारना १६ सप्टेंबरला फाशी. त्याच खुणेवर नवारीच्या खालच्या कडेला आपली तारीखही लिहा: १२ जानेवारी १९३१, मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांची येरवड्यातली फाशी. हुतात्मा चौकावरून रोज येणाऱ्या मुलांना ही खूण समजावून द्यावी लागत नाही.

२३ वर १९३४, इटलीनं तिन्ही प्रांत – त्रिपोलितानिया, सिरेनेइका, फेझान – मिळून अधिकृत 'लिबिया' नाव दिलं. ३० वर १९४१, तोब्रुकचा वेढा आणि चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या लढाया. ४० आणि ४१ च्या मध्ये, ४१ ला चिकटून, २४ डिसेंबर १९५१, राजे इद्रिस यांच्याखाली स्वातंत्र्य. ५८ वर १ सप्टेंबर १९६९, गद्दाफींचा उठाव. बरोबर १०० वर २०११: फेब्रुवारीत बंड, मार्चपासून नाटोचे हवाई हल्ले, २० ऑक्टोबरला गद्दाफींचा अंत. पहिल्या विमानी बाँबच्या खुणेपासून ही खूण नेमकी मीटरभर लांब येते, ते दोन टोकांना दोन लाल फिती बांधून दाखवा.

पुढे देश पूर्व-पश्चिम असा दोन सत्तांत फाटला. १०९ वर ऑक्टोबर २०२० ची शस्त्रसंधी. ११२ वर देर्ना. १०-११ सप्टेंबर २०२३ च्या रात्री वादळी पावसात शहराच्या वरची दोन धरणं फुटली आणि हजारो माणसं वाहून गेली. जवळच्या बैदात चोवीस तासांत ४१४ मि.मी. पाऊस नोंदला गेला. सोलापूरला वर्षभरात साडेपाचशेच्या आसपास पडतो.

झेंडा निवडताना जपा. नुसता हिरवा झेंडा १९७७ ते २०११ चा. आजचा लाल-काळा-हिरवा, मध्ये चंद्रकोर आणि तारा, १९५१ चाच परत आणलेला.

नेणं आणि ठेवणं

पाट्या टाचणीला लावून सुट्या डब्यात न्या, जागेवर टोचा. आधी टोचलेल्या निम्म्या तरी वाटेत पडतात, आणि कुफ्राची पाटी घात गावाला लागलेली कोणाच्या लक्षात येत नाही. छोटा हत्तीत दोन्ही तुकडे आडवे, खाली गादी. एकावर एक ठेवायचे तर चार कोपऱ्यांना तीन इंची लाकडी ठोकळे मध्ये घाला, बिक्कू बित्ती चार सें.मी. उंच आहे. मोकळी कच, वाळू, विटेचा चुरा आणि फेविकॉलची छोटी बाटली पिशवीत राहू द्या. जोडावरची फट बोल्ट आवळल्यावरच भरायची असते, आणि पहिल्या तासात कोणीतरी हरूजवर कोपर टेकतोच.

प्रदर्शनानंतर कॅन, सलाइनचा सेट आणि ट्रे वेगळे वाळवा. पाट पोटमाळ्यावर उभे, भिंतीपासून चार बोटं दूर, जुन्या चादरीत गुंडाळून आणि कोपऱ्यांत डांबरगोळ्या टाकून ठेवा. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले पाट जूनमध्ये उघडाल तर आत हिरवळ जबल अखदरपुरती राहिलेली नसते.